फाइलच्या नावातली तारीख वापरून शेकडो फाइलींच्या चुकलेल्या तारखा एकदम दुरुस्त कशा करायच्या

जुन्या फोनमधले, जुन्या हार्डडिस्कवरचे, क्लाउडवरून उतरवलेले, कुणीकुणी पाठवलेले असे सात-आठ वर्षांचे फोटो एका फोल्डरमध्ये गोळा केले आणि तारखेप्रमाणे लावायला गेलं की बघावं तर सगळे एकाच दिवशी काढलेले, म्हणजे ज्या दिवशी आपण कॉपी मारली त्या दिवशी! हा अनुभव ज्याला आलाय त्यालाच कळेल किती जीव खालीवर होतो ते. पण त्यातल्या बऱ्याच फाइलींच्या नावातच खरी तारीख लिहिलेली असते, २०२१०८१५_१८३०२२ अशी, म्हणजे १५ ऑगस्ट २०२१, संध्याकाळचे साडेसहा आणि वर २२ सेकंद. कॉम्प्युटरला फक्त सांगायचंय की बाबा नाव वाच आणि तीच तारीख फाइलला लाव. सांगायला पाच मिनिटं लागतात, त्याच्या आधी विचार करायला मात्र अर्धा तास द्या, कारण नावातली प्रत्येक तारीख खरी असतेच असं नाही आणि चुकीची तारीख हजार फाइलींवर एकदा बसली की निस्तरणं फार अवघड जातं.

आधी कुठली तारीख चुकलीय ते बघा

नवीन माणूस इथेच गोंधळतो, कारण एका फोटोला एक तारीख नसते, चार-पाच असतात. फाइल सिस्टीमकडे तीन असतात: क्रिएटेड म्हणजे ही फाइल या डिस्कवर कधी आली, मॉडिफाइड म्हणजे आतला मजकूर शेवटचा कधी बदलला, आणि अ‍ॅक्सेस्ड म्हणजे शेवटची कधी उघडली, ती तिसरी आपण सोडून देऊ. विंडोजवर साधी कॉपी-पेस्ट केली की मॉडिफाइड तशीच राहते आणि क्रिएटेड मात्र आजची होते, म्हणून फाइल 'बनली' नंतर आणि 'बदलली' आधी असं विचित्र चित्र दिसतं. ते बिघडलेलं नसतं, त्याचं कामच तसं आहे.

याशिवाय फोटोच्या पोटात एक्झिफ नावाची माहिती असते, त्यात कॅमेऱ्याने स्वतः लिहिलेली शटर दाबल्याची वेळ असते, तिचं नाव डेट टाइम ओरिजिनल. विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमध्ये वरच्या कॉलमच्या पट्टीवर राइट क्लिक करून 'डेट टेकन' नावाचा कॉलम लावा, त्यात दिसते ती ही तारीख. हा कॉलम आत्ताच लावून घ्या, पुढचं सगळं त्याच्यावर ठरणार आहे.

डेट टेकनमध्ये बरोबर तारीख दिसतेय आणि फक्त मॉडिफाइड चुकलीय, तर नावाकडे जायचंच नाही, आतली तारीख बाहेर लावायची. डेट टेकन रिकामं आहे आणि नावात तारीख आहे, तर हा लेख त्याच फाइलींसाठी आहे. आणि डेट टेकनमध्ये काहीतरी आहे पण ते नावाशी जुळत नाही, तर थांबा, त्या फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, त्या शेवटी एकेक बघून ठरवायच्या.

नावातली तारीख कसली आहे ते ओळखा

हा भाग घाई न करता वाचा, माझ्या मते अख्ख्या कामाचं मर्म इथे आहे.

बऱ्याच अँड्रॉइड फोनचा कॅमेरा आयएमजी_२०२१०८१५_१८३०२२ अशी नावं देतो, सॅमसंगच्या फोनवर सुरुवातीचं आयएमजी नसतं आणि सरळ तारखेपासून सुरुवात होते, व्हिडिओला व्हीआयडी लागतं. यात तारीख आणि वेळ दोन्ही आहेत आणि दोन्ही फोनच्या घड्याळाप्रमाणे, म्हणून ही नावं सगळ्यात विश्वासाची. स्क्रीनशॉटचीही बहुतेक तशीच.

पिक्सेल फोनची नावं पीएक्सएलने सुरू होतात, दिसायला अगदी तशीच, शेवटी मिलिसेकंदाचे तीन आकडे जास्तीचे, पण त्यातली वेळ यूटीसीमधली, म्हणजे जगभर एकच धरलेल्या प्रमाणवेळेतली असते, तुमच्या भिंतीवरच्या घड्याळातली नाही. म्हणजे जशीच्या तशी लावली तर सगळे फोटो काही तास मागे किंवा पुढे जाणार आणि मध्यरात्रीच्या आसपासचे तर दुसऱ्याच दिवसात जाऊन बसणार. यांना वेगळं फोल्डर.

व्हॉट्सअ‍ॅपच्या फोटोंची नावं आयएमजी-२०२१०८१५-डब्ल्यूए०००३ अशी असतात. डब्ल्यूएनंतरचा आकडा म्हणजे नुसता अनुक्रमांक, वेळ नव्हे, आणि तारीखही फोटो काढल्याची नसून तो तुमच्या फोनवर आला किंवा तुम्ही पाठवला त्या दिवसाची. कुणी दहा वर्षांपूर्वीचा लग्नाचा फोटो काल पाठवला तर नावात कालचीच तारीख येणार. आणि व्हॉट्सअ‍ॅप फोटो पाठवताना पोटातली एक्झिफ माहिती काढून टाकतं, त्यामुळे खरी तारीख शोधायला दुसरी जागाही उरत नाही. तरीही बहुतेक फोटो काढले त्याच दिवशी पाठवले जातात, म्हणून मी ही तारीख लावतो, पण ती अंदाजाची आहे हे लक्षात ठेवून.

टेलिग्रामची फोटो_२०२१-०८-१५_१८-३०-२२ आणि सिग्नलची सिग्नल-२०२१-०८-१५ अशी नावं वाचायला सोपी, पण अर्थ व्हॉट्सअ‍ॅपसारखाच घ्यायचा, कॅमेऱ्याच्या क्लिकची वेळ म्हणून नाही.

मग एक जात असते नुसत्या तेरा आकड्यांची, एफबी_आयएमजी_१६२९०३२४२२००० अशी. हे १ जानेवारी १९७० पासून मोजलेले मिलिसेकंद आहेत. शेवटचे तीन शून्य सोडून उरलेला आकडा कुठल्याही टाइमस्टॅम्पची तारीख करून देणाऱ्या साधनात टाकला तर १५ ऑगस्ट २०२१, यूटीसीप्रमाणे दुपारी १ वाजून २२ सेकंद असं उत्तर येतं. पण ही फोटो सेव्ह केल्याची वेळ असते, त्यामुळे डेट टेकन म्हणून ती लावू नका असंच मी म्हणेन.

आयफोनच्या आयएमजी_१२३४ मध्ये तारीख नाहीच, तो आकडा म्हणजे मोजणी, त्यांना या कामातून बाहेर काढा, चुकून आत राहिले तर १२३४ हे इसवी सन समजलं जाईल! मॅकच्या स्क्रीनशॉटच्या नावात बऱ्याचदा बारा तासांची वेळ आणि मागे पीएम असतं, नुसते आकडे वाचणाऱ्या प्रोग्रॅमला संध्याकाळचे ६ हे सकाळचे ६ वाटतात, तेही बाजूला. आणि ज्या नावांत दिवस आधी आणि वर्ष शेवटी आहे, १५-०८-२०२१ अशी, त्यांची नावं आधी उलटी करून घ्यावी लागतात, वर्ष-महिना-दिवस अशी. बल्क रीनेम युटिलिटी किंवा अ‍ॅडव्हान्स्ड रीनेमर यांनी ते होतं, दोन्ही विंडोजवर चालतात.

कॉपी, मग फोल्डर

सगळ्या मूळ फोल्डरची एक पूर्ण कॉपी दुसऱ्या डिस्कवर घ्या. हे मी जीव तोडून सांगतोय, कारण एकदा मी कॉपी न घेता व्हॉट्सअ‍ॅपच्या फोटोंसाठीची कमांड, म्हणजे टाइप करून द्यायची हुकमाची ओळ, अख्ख्या फोल्डरवर चालवली होती आणि त्यात कॅमेऱ्याचे दोनशे-अडीचशे फोटो मिसळलेले होते, त्या सगळ्यांची खरी वेळ गेली आणि सगळे दुपारी बाराचे झाले. त्यातले काही दुसरीकडे सापडले, बाकीचे आजही तसेच आहेत, त्या दिवसाचा क्रम आता कुणालाच सांगता येत नाही.

मग नावानुसार सॉर्ट करा. एका जातीच्या फाइली आपोआप एकत्र येतात, त्यांचे गठ्ठे वेगवेगळ्या फोल्डरमध्ये टाका: कॅमेरा, पिक्सेल, व्हॉट्सअ‍ॅप, व्हिडिओ, स्कॅन केलेले कागद, आणि एक 'बघायचे आहेत'. एका फोल्डरला एकच नियम, म्हणजे चूक झाली तरी तेवढ्यापुरतीच राहते.

कमांड नको असेल तर

डिजिकॅम नावाचा फोटो सांभाळायचा फुकट प्रोग्रॅम आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतो. त्यात फोटो निवडून आयटम मेनूतून वेळ आणि तारीख बदलायची खिडकी उघडायची. तिथे तारीख कुठून घ्यायची हे विचारलं जातं, त्यात फाइलचं नाव हाही पर्याय असतो, आणि ती कुठे कुठे लिहायची ते खाली टिक करायचं. चांगली गोष्ट म्हणजे जुनी तारीख आणि नवीन तारीख शेजारी शेजारी यादीत दिसते, लागू करायच्या आधी वरून खाली नजर फिरवता येते. नेहमीच्या कॅमेरा नावांचे शे-दोनशे फोटो असतील तर इथेच काम संपतं.

एक्झिफटूल, म्हणजे खरं हत्यार

हजारो फाइली आणि चार जातीची नावं असतील तर एक्झिफटूलला पर्याय नाही. फिल हार्वी यांनी २००३ पासून बनवत आणलेला फुकट प्रोग्रॅम आहे, खिडकी-बटणं काही नाहीत, काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करायची. विंडोजवर डाउनलोड केल्यावर प्रोग्रॅमच्या नावाला कंसात हायफन आणि के असं शेपूट असतं, ते काढून नाव नुसतं एक्झिफटूल ठेवा, आणि सोबत आलेलं फाइल्सचं फोल्डर त्याच्या शेजारीच राहू द्या, ते हलवलं की प्रोग्रॅम चालत नाही.

खाली कमांडमधले शब्द मी देवनागरीत लिहितोय, टाइप करताना ते रोमन अक्षरात, जोडून, मधे स्पेस न सोडता लिहायचे, आणि आकडेही इंग्रजी. विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट वापरा, पॉवरशेल नको, आणि कोट डबल द्या. मॅक आणि लिनक्सच्या टर्मिनलमध्ये सिंगल कोट द्या, कारण तिथे डबल कोटात डॉलरचं चिन्ह आलं की टर्मिनल त्याचा वेगळाच अर्थ लावतं.

कॅमेरा फोल्डरसाठी ओळ अशी: आधी प्रोग्रॅमचं नाव, स्पेस, मग कोटात "-ऑलडेट्स<फाइलनेम", स्पेस, परत कोटात "-फाइलमॉडिफायडेट<फाइलनेम", स्पेस, आणि शेवटी फोल्डरचा पत्ता. मधलं ते टोकदार चिन्ह म्हणजे 'उजवीकडून घे आणि डावीकडे भर'. ऑलडेट्स म्हणजे पोटातल्या तिन्ही मुख्य तारखा एकदम, आणि फाइलमॉडिफायडेट म्हणजे बाहेरची. दोन्ही एकाच ओळीत द्या, कारण फक्त आतली बदलली तर फाइल नव्याने लिहिली जाते आणि बाहेरची मॉडिफाइड तारीख परत आजची होऊन बसते. विंडोजवर क्रिएटेडही बदलायची असेल तर तसंच एक "-फाइलक्रिएटडेट<फाइलनेम" वाढवा.

एक्झिफटूल नाव वाचतं म्हणजे अक्षरं सोडून आकडे उचलतं, पहिले चार वर्ष, मग दोन-दोन करून महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद. म्हणून तारखेच्या आधी नावात दुसरा कुठलाही आकडा असता कामा नये. डीएससी०१२३-२०२१०८१५ अशा नावात ते ०१२३ ला वर्ष समजेल. असा आकडा आधी रीनेम करून काढा.

ज्यांच्या पोटात आधीच तारीख आहे त्यांना हात लागू नये म्हणून ओळीत एक अट घालता येते: -इफ, स्पेस, आणि कोटात नॉट, स्पेस, डॉलरचं चिन्ह आणि त्याला चिकटून डेटटाइमओरिजिनल. म्हणजे 'आतली तारीख नसेल तरच'. ही अट माझ्याकडे त्या दिवशी असती तर ते अडीचशे फोटो वाचले असते. आता मी ती कायम घालतो, गरज वाटो न वाटो.

ज्यांची आतली तारीख बरोबर आणि बाहेरची चूक, त्यांना "-फाइलमॉडिफायडेट<डेटटाइमओरिजिनल". बस एवढंच.

व्हॉट्सअ‍ॅपची ओळ

इथे साधी ओळ चालवू नका. डब्ल्यूए०००३ मधले आकडे एक्झिफटूल वेळ म्हणून वाचायला जातं, मग ००:०३ अशी खोटी वेळ बसते किंवा मिनिटाचा आकडा साठ किंवा त्याच्या वर गेला की अडतं. नावातलं डब्ल्यूए आणि त्याच्या पुढचं सगळं कापायचं आणि वेळ आपण जोडायची. उजव्या बाजूला नुसत्या फाइलनेमच्या जागी असं येतं: डॉलर, उघडता महिरपी कंस, फाइलनेम, अर्धविराम, लहान एस, तिरकी रेघ (/), कॅपिटल डब्ल्यूए, टिंब, तारका, तिरकी रेघ, परत तिरकी रेघ, बंद महिरपी कंस, मग एक स्पेस आणि १२:००:००. वाचायला भीतीदायक आहे पण अर्थ साधा आहे, नाव घे, डब्ल्यूएपासून शेवटपर्यंतच्या जागी काहीच ठेवू नको, आणि मागे दुपारचे बारा लाव.

दुपारचे बाराच का, तर मध्यरात्रीचे शून्य लावले आणि पुढे कुठल्या प्रोग्रॅमने टाइमझोनचा फरक धरला तर तारीखच आदल्या दिवशी सरकते. बारा ठेवले की बहुतेक ठिकाणी दिवस तोच राहतो. शिवाय दोन वर्षांनी बघताना बरोब्बर १२:००:०० दिसलं की लगेच कळतं ही वेळ आपण घातलेली आहे. एका दिवसाचे सगळे फोटो एकाच वेळेचे होतात खरे, पण अनुक्रमांक नावात आहेच, नावाने सॉर्ट केलं की क्रम मिळतो.

पिक्सेल आणि व्हिडिओ

पिक्सेलला आधी नावाप्रमाणे तारीख लावायची आणि मग दुसऱ्या ओळीने सगळी सरकवायची, "-ऑलडेट्स+=२:००" म्हणजे दोन तास पुढे, वजा हवं तर अधिकच्या जागी वजा. किती सरकवायचं ते फोटो काढला त्या जागेवर अवलंबून, त्यामुळे प्रवासातले फोटो वेगळे काढा, आणि जिथे उन्हाळ्यात घड्याळ पुढे करतात तिथले उन्हाळ्याचे आणि हिवाळ्याचेही वेगळे. हे सरकवणं एकदाच, दोनदा चालवलं तर दुप्पट सरकतं! आणि त्यानंतर बाहेरची तारीख आतल्यावरून घ्या. पण हे सगळं फक्त ज्या पिक्सेल फोटोंची आतली तारीख गेलीय त्यांच्यासाठी, फोनमधून सरळ आलेल्यांच्या पोटात स्थानिक वेळ बरोबर असते.

एमपी४ व्हिडिओचं उलटं आहे, त्याच्या पोटातली तारीख नियमाप्रमाणे यूटीसीत लिहायची असते, आणि नावात मात्र स्थानिक वेळ. म्हणून ओळीत -एपीआय, स्पेस, क्विकटाइमयूटीसी हे जोडा, मग एक्झिफटूल तुमच्या कॉम्प्युटरचा टाइमझोन धरून स्वतः हिशोब करतं. इथे ऑलडेट्सऐवजी क्रिएटडेट, मॉडिफायडेट अशी नावं लिहा, आणि ट्रॅकक्रिएटडेट, मीडियाक्रिएटडेटही भरून टाका, कारण वेगवेगळे प्लेयर वेगवेगळी तारीख बघतात. एखाद्या व्हिडिओला १९०४ साल दिसलं तर घाबरू नका, या फॉरमॅटची मोजणी १ जानेवारी १९०४ पासून सुरू होते, म्हणजे तारखेची जागा रिकामी आहे एवढाच त्याचा अर्थ.

स्कॅन केलेले कागद, पीडीएफ, ऑडिओ रेकॉर्डिंग यांच्यासाठी आतल्या तारखेच्या भानगडीत न पडता फक्त फाइलमॉडिफायडेट बदला, आणि नावात वेळ नसेल तर तीच बाराची युक्ती.

दहा फाइलींवर चालवून बघा

प्रत्येक जातीच्या दहा फाइली चाचणीच्या फोल्डरमध्ये टाका, ओळ चालवा आणि नाव, डेट टेकन, मॉडिफाइड असे तीन कॉलम शेजारी लावून डोळ्यांनी जुळवा. दहात एक तरी महिनाअखेरची आणि एक मध्यरात्रीच्या जवळची घ्या, चुका तिथेच सापडतात. पेनड्राइव्हवर बघत असाल आणि २३ सेकंदांऐवजी २२ किंवा २४ दिसले तर ते चुकलेलं नाही, फॅट पद्धतीची डिस्क मॉडिफाइड वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यानेच लिहिते.

सगळं जुळलं की मग मोठ्या फोल्डरवर, आतल्या सबफोल्डरसकट हवं असेल तर -आर जोडून. शेवटी किती फाइली बदलल्या आणि किती बदलल्या नाहीत हा आकडा येतो, तो फाइलींच्या संख्येशी ताडून बघा, कमी असेल तर वर इशारे आलेले असतात ते वाचा.

आतली तारीख बदलली की एक्झिफटूल प्रत्येक फाइलची जुनी प्रत नावामागे अंडरस्कोअर ओरिजिनल लावून तिथेच ठेवतं, त्यामुळे फोल्डर दुप्पट झालेलं दिसेल. चूक सापडली तर -रिस्टोअर_ओरिजिनल (मधे अंडरस्कोअर) हा ऑप्शन जुनं सगळं परत आणतो. पण फक्त मॉडिफाइड तारीख बदलली असेल तर अशी प्रत बनत नाही, तिथे तुमची स्वतःची कॉपीच कामाला येते.

आता या दुरुस्त फाइली दुसऱ्या डिस्कवर नेताना तारखा परत बिघडू नयेत म्हणून कॉपी करायच्या कमांड वापरा, विंडोजवर रोबोकॉपी आणि मॅक-लिनक्सवर आरसिंक, हायफन ए सकट, फोनला केबल लावून ओढून टाकलं तर बाहेरच्या तारखा पुन्हा आजच्या होऊ शकतात. नवीन जागी पोचल्यावर परत दहा फाइली उघडून बघा, आणि मगच त्या अंडरस्कोअर ओरिजिनलवाल्या प्रती उडवा.